मशीन निवडण्याआधी दोन खर्च वेगळे मोजा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सांगलीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये लॅम्डा कॅल्क्युलसचा (फक्त फंक्शन बनवणं आणि लावणं एवढंच असलेल्या छोट्या भाषेचा) इंटरप्रिटर लिहिलाय. प्रत्येक पायरीला सब्स्टिट्यूशन, म्हणजे व्हेरिएबलच्या जागी टर्मची (त्या भाषेतल्या पदावलीची) पूर्ण नक्कल. पंचवीसेक पायऱ्यांतच लॅपटॉप अडकतो. तर एसईसीडी, क्रिविन आणि कॅम या अशा टर्म चालवणाऱ्या तीन अमूर्त मशीनपैकी वेगवान कोणतं?

या अडकण्यापुरतं बोलायचं तर तिन्ही चालतील, कारण तिन्हींत जे समान आहे तेच तुमच्या कोडमध्ये नाही. फ = लॅम्डा अ. लॅम्डा ब. ब अ अ (अ आणि मग ब घेऊन, ब ला अ दोनदा देणारं फंक्शन) असं घ्या आणि एखाद्या व्हॅल्यूवर फ एकात एक 25 वेळा लावा. कॉल-बाय-व्हॅल्यूने (आर्ग्युमेंट आधी काढून मग फंक्शनला देणं) बीटा-पायऱ्या, म्हणजे फंक्शन लावण्याच्या पायऱ्या, फक्त 25. पण उत्तर नक्कल करत लिहिलंत तर मूळ व्हॅल्यू त्यात 3,35,54,432 वेळा येते. पायऱ्या मोजक्या, टर्म मात्र प्रत्येक पायरीला दुप्पट. हा पहिला खर्च: एका पायरीला लागणारं काम.

लँडिनने 1964 मध्ये एसईसीडी मांडलं तेव्हापासून यावरचा उपाय क्लोजर हाच आहे: कोडकडे पॉइंटर आणि सोबत एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कोणत्या व्हेरिएबलची किंमत काय याची यादी. सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी पेवात (जमिनीखालच्या कोठारात) ठेवलेली हळद प्रत्येक सौद्याला उपसायची नाही, कागद हातोहात फिरवायचा, तसं. वरच्या उदाहरणात मग 25 क्लोजर बनतात, प्रत्येकाचं बोट आधीच्याकडे. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते की मशीन कितीही चाललं तरी हाताळलं जाणारं कोड मूळ प्रोग्रॅमचाच तुकडा असतं, नवं कोड जन्मत नाही. म्हणून एका पायरीचा खर्च मूळ प्रोग्रॅमच्या लांबीने बांधलेला राहतो. द ब्राउनच्या अंकांनी (नावाऐवजी किती लॅम्डा मागे ते सांगणारा अंक) व्हेरिएबल शोधताना एन्व्हायर्नमेंटमध्ये मागे जावं लागतं, तेही त्या लांबीपलीकडे जात नाही.

आता दुसरा खर्च: पायऱ्यांची संख्या. आयडेंटिटीवर, म्हणजे दिलेलं जसंच्या तसं परत देणाऱ्या फंक्शनवर, (लॅम्डा अ. अ अ) एकात एक 25 वेळा लावा. कॉल-बाय-व्हॅल्यूने 50 बीटा-पायऱ्यांत उत्तर. क्रिविन मशीनवर 6,71,08,862, कारण ते कॉल-बाय-नेम आहे, म्हणजे आर्ग्युमेंट न काढताच देतं, आणि अ दोनदा लागला की आर्ग्युमेंट दोनदा चालवतं. इथे मशीनचा दोष नाही. त्याची प्रत्येक पायरी स्वस्तच आहे, पायऱ्यांची संख्या स्ट्रॅटेजीने, म्हणजे आर्ग्युमेंट कधी काढायचं या नियमाने, ठरवली. क्रिविनमध्ये निघालेली व्हॅल्यू हीपमध्ये (मेमरीतल्या सामायिक जागेत) परत लिहायची सोय करा, की ते कॉल-बाय-नीड (लागेल तेव्हा, पण एकदाच काढणं) होतं आणि हा फुगवटा जातो.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसते सेकंद देऊ नका. बीटा-पायऱ्या किती, आणि प्रत्येक बीटामागे मशीनची एकूण ट्रान्झिशन्स (स्वतःच्या छोट्या हालचाली) किती, हे दोन रकाने हवेतच. सेकंदांत पायथनचा स्वतःचा खर्च इतका मिसळतो की त्यावरून मशीनबद्दल काही ठरत नाही.

सुरुवात क्रिविनने करा. तीनच नियम आहेत, एका संध्याकाळी लिहून होतात. लरॉयचं 1990 चं झिंक हे मशीन नंतर वाचा. अनेक आर्ग्युमेंट्स एकदम देताना मधली क्लोजर कशी टाळायची ते त्यात आहे, आणि कॅम्ल लाइट ही प्रोग्रॅमिंग भाषा त्यावरच उभी राहिली.

लॅम्डाच्या आत शिरून रिडक्शन करायचं असेल, म्हणजे फंक्शनला आर्ग्युमेंट मिळण्याआधीच त्याच्या आतला भाग सोडवायचा असेल, तर मात्र नुसती क्लोजर पुरत नाहीत. तिथे खर्च आटोक्यात ठेवता येतो हे अक्कातोली आणि दाल लागो यांनी 2014 मध्ये सिद्ध केलं, पण त्यासाठी शेअर केलेलं कधी उलगडायचं आणि कधी नाही याचे वेगळे नियम लागतात. प्रोजेक्टमध्ये ते घेऊ नका.

आणि उत्तर छापताना जपा. पहिल्या उदाहरणाचं उत्तर प्रिंटला दिलंत की तीच कोट्यवधी नक्कल पुन्हा उलगडते. क्लोजरची साखळी आहे तशीच छापा.