उन्हाळ्यात थंड नळाला गरम पाणी आणि हिवाळ्यात बोअरचं पाणी कोमट, असं का?

बोअरचं पाणी कोमट होत नाही, आपण गारठलेलो असतो! जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास तेच राहतं, आपल्या मराठवाड्यात साधारण २६-२७ अंश. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा १० च्या खाली गेला की तेच पाणी हाताला ऊबदार लागतं आणि मे महिन्यात गार.

पण हे मोटार चालू असताना थेट येणाऱ्या पाण्याचं. एकदा ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढलं की ऊन-थंडी सगळं भोगतं. मे महिन्यात दुपारी नळ सोडला की पहिलं पाणी चटका देतं, कारण ते भिंतीवरून उघड्यावर आलेल्या पाइपातलं असतं. अर्धा इंची पाइपात मीटरमागे जेमतेम दीड-दोनशे मिली पाणी मावतं, त्यामुळे ते लगेच तापतं आणि लगेच संपतं. ते बादलीत धरा, ओतून देऊ नका, इथं टँकरची वाट बघावी लागते. मागून येणारं टाकीतलं पाणी मात्र रात्री नऊलाही कढतच असतं, पाणी निवायला वेळ घेतं.

गीझरचंही तेच गणित. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर ३० अंशांचं पाणी ४५ वर न्यायला आठेक मिनिटं घेतो. हिवाळ्यात टाकीतलं पाणी १५ अंशांवर असेल तर दुप्पट. म्हणून थंडीत सकाळी आधी मोटार लावा, मग गीझर. उन्हाळ्यात टाकीवर ओलं गोणपाट टाका.