नवीन मॅनेजरसाठी थोडं सांगतो

अभिनंदन! पण टीशर्ट, केक, 'फन फ्रायडे' यांवर लगेच खर्च करू नकोस. आधी पगाराचं बघ. कायद्याची मुदत 7 तारखेची आहे. तरी 1 तारखेला जमा झाला तर घराचा हप्ता भरणारा माणूस निवांत कामाला लागतो. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांच्या सुट्ट्या महिनाभर आधीच ठरवून टाक, नाहीतर ऐनवेळी रुसवेफुगवे ठरलेलेच. चूक केबिनमध्ये सांग, कौतुक चारचौघांत.

ऑफिसात 10 किंवा जास्त माणसं असतील तर 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. ती नुसती कागदावर नको; सदस्य कोण, तक्रार कुठे द्यायची, हे सगळ्यांना माहीत हवं. आणि रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर कामं टाकणं बंद. (हे साहेबांनाही सांगावं लागेल, हळूच.)