वाचकांचे प्रश्न : मॉलमधील गाळा आणि मॉलचे आयुष्य

प्रश्न : हाजीअलीचा ‘क्रॉसरोड्स’ उघडला तेव्हा आम्ही गिरगावातून मुद्दाम सरकते जिने पाहायला गेलो होतो. तो मॉल गेला, मागोमाग ‘बिग बझार’ही गेले, ‘डीमार्ट’मध्ये मात्र रविवारी ट्रॉली मिळत नाही. हा सगळा ऑनलाइन खरेदीचा परिणाम समजावा काय? निवृत्तीच्या पैशांतून उपनगरातील एका जुन्या मॉलमध्ये २०० चौरस फुटांचा गाळा घेण्याचा विचार आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ऑनलाइन खरेदीने मॉलचे गिऱ्हाईक पळवले हे खरे असले, तरी क्रॉसरोड्सच्या बाबतीत तो आरोप टिकत नाही. पिरामल समूहाने १९९९ साली उघडलेल्या या मॉलमध्ये पहिल्या काही दिवसांत इतकी झुंबड उडाली, की ज्याच्याकडे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसेल त्याने ६० रुपये भरून आत यावे, असा नियम करावा लागला. (आज भाजीवाल्याकडेही मोबाइल असतो, हे आठवले की त्या नियमाचे हसू येते.) ‘फ्लिपकार्ट’ सुरू झाली २००७ साली, तीही पुस्तकांपासून. त्याआधीच, २००४ मध्ये, मालाडला ‘इनऑर्बिट’ उभा राहिला होता, लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बाजार भरू लागला होता आणि उपनगरातल्या माणसाला हाजीअलीपर्यंत येण्याचे कारण उरले नव्हते. तेव्हा पहिला मॉल मागे पडला तो पुढच्या, मोठ्या मॉलांमुळे.

आपल्या गाळ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मॉलची जागा कोणाच्या मालकीची आहे. चांगला चालणारा मॉल गाळे सहसा विकत नाही, भाड्याने देतो. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला तो चौरस फुटाचा दर कमी लावतो आणि त्या गर्दीवर जगणाऱ्या लहान दुकानांकडून जास्त घेतो; बहुतेक करारांत ठरावीक किमान भाडे किंवा विक्रीतील वाटा, यांपैकी जे अधिक असेल ते द्यायचे असते. त्यामुळे कोणाचा गल्ला आटला आहे हे मालकाला महिन्याच्या महिन्याला कळते आणि मुदत संपताच तो दुकान बदलतो. याउलट ज्या बिल्डरने गाळे विकून पैसे मोकळे केले, त्याचा मॉलमधला जीव तिथेच संपतो. मागे उरतात शेकडो मालक. कोणी भाव वाढेल म्हणून गाळा बंद ठेवतो, कोणी मिळेल त्याला देतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मॉलमध्ये जाण्याचा योग आला. सरकता जिना बंद होता आणि लोक त्यावरून साध्या जिन्यासारखे चढत होते. दुसऱ्या मजल्यावर एक झेरॉक्सवाला, एक कपडे अल्टर करणारा शिंपी आणि दहावीचे क्लास एवढेच उघडे होते. उरलेल्या शटरांवर मेंटेनन्सच्या थकबाकीच्या नोटिसा चिकटवलेल्या होत्या आणि छतातून गळणाऱ्या पाण्याखाली कोणीतरी रंगाचा रिकामा डबा ठेवला होता. थकबाकी वाढली की वातानुकूलन बंद होते, ते बंद झाले की गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून आणखी दोघे मेंटेनन्स थकवतात.

बिग बझारची गोष्ट निराळी वाटते, पण तीही जागेपाशीच येऊन थांबते. किशोर बियाणी यांनी २००१ साली सुरू केलेली ही दुकाने मुख्यतः भाड्याच्या जागेत होती आणि विस्तार कर्जावर चालला होता. कोरोनाच्या टाळेबंदीत विक्री बुडाली, पण कर्ज आणि भाडे चालूच राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये हा व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सला विकण्याचे ठरले. ‘ॲमेझॉन’ने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण लवाद व न्यायालयांत अडकले. दरम्यान अनेक दुकानांचे भाडेकरार रिलायन्सने स्वतःच्या नावावर करून घेतले होते, त्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडे थकल्याच्या कारणावरून तिने दुकानांचा थेट ताबा घेतला. राधाकिशन दमानी यांनी २००२ साली पवईत पहिले डीमार्ट उघडले, ते मात्र शक्यतो जागा विकत घेऊन दुकान थाटण्याच्या धोरणावर. दुकाने हळूहळू वाढली, पण मंदीच्या महिन्यात भाडे मागायला दारात कोणी उभे राहत नाही.

आपल्या गाळ्याविषयी सांगायचे, तर मॉलमधील किती गाळे विकले गेले आहेत, मेंटेनन्सची एकूण थकबाकी किती आहे आणि मोठ्या दुकानाचा करार कधी संपतो, हे कागदावर मागून घ्यावे. ‘खात्रीशीर भाडे’ असे सांगितले जात असेल, तर ते कोण देणार आणि किती वर्षे, हेही करारात लिहून घ्यावे. पाहणीला रविवारी जाऊ नये. मंगळवारी दुपारी त्या मजल्यावर तासभर बसून किती जणांच्या हातात पिशवी आहे, ते मोजावे.