‘हवाई अंतर’ म्हणजे विमानाचं अंतर का?

कोल्हापुरातल्याच एका गृहस्थांनी विचारलंय : ‘मुलीनं भूगोलाच्या वहीत “कोल्हापूर–दिल्ली हवाई अंतर सुमारे १३५० किमी” असं लिहिलं. बाईंनी “हवाई” खोडून “विमानाचे” केलं. बरोबर कोण?’

मुलगी. पण बाईंचा घोटाळा का झाला तेही दिसतंय. हवाई दल, हवाई मार्ग, हवाई सुंदरी असं करत करत हा शब्द विमानाला इतका चिकटलाय, की हवाई म्हटलं की विमानाचे पंखच दिसतात. ‘हवाई किल्ले’ बांधणाऱ्याला मात्र कधी तिकीट काढावं लागलं नाही.

हवाई अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर. मध्ये डोंगर, नदी, तळं, काही धरायचं नाही. आपल्या रंकाळा तलावाच्या राजघाटावर उभं राहून पलीकडच्या शालिनी पॅलेसकडे बघा. नजर जाते ते हवाई अंतर, आणि काठाकाठानं चालत गेलात तर पायांना कळतं ते रस्त्याचं. तिथं विमानाचा संबंध येतो कुठं?

विमानाचं अंतर ही तिसरीच गोष्ट. उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळावरून मुंबईला जाऊन तिथं विमान बदललं, तर मुंबईपर्यंत साधारण ३०० आणि पुढं दिल्लीपर्यंत ११५० किलोमीटर. म्हणजे हवेतून जाऊनही हवाई अंतरापेक्षा शंभरेक किलोमीटर जास्त! रस्त्याचं तर विचारूच नका. आपल्या दारातला ४८ नंबरचा हायवे थेट दिल्लीला जातो खरा, पण पुणे, मुंबई, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर असा पश्चिमेकडून वळसा घेत. अठराशेच्या आसपास भरतो. नकाशावर पट्टी ठेवली की हवाई अंतर निघतं. रस्त्याचं काढायचं तर दोरा घ्यावा लागतो, तो रेघेवरून वळवत न्यायचा आणि मग ताणून पट्टीवर मोजायचा. मुलीला एकदा करायला लावा, पुन्हा खोडाखोड होणार नाही.

भाषांतरात हल्ली ‘कावळा उडतो तसे अंतर’ असंही वाचायला मिळतं. ते इंग्रजीतून जसंच्या तसं उचललेलं. आपल्याकडचा कावळा पिंडाला शिवतो की नाही एवढंच लोक बघतात, तो सरळ उडतो का याची पंचाईत कुणी केलेली नाही. कोल्हापुरात कावळ्याचा रस्त्याशी संबंध एकच, कावळा नाका. मराठीत सरळ दिशेला ‘नाकासमोर’ हा झकास शब्द आहे. ‘नाकासमोर जावा, लागतंयच’ असं आपण परक्या माणसाला सांगतोच की.

जुने शब्द मात्र नकाशापेक्षा माणसावरून आलेले. मजल म्हणजे एका दिवसात उरकेल तेवढी वाट. मूळ अरबी मंझिल. कोस हा संस्कृत ‘क्रोश’वरून आला, आणि क्रोश म्हणजे आरोळी. आरोळी ऐकू जाईल तेवढं अंतर ते क्रोश. आपलं ‘हाकेच्या अंतरावर’ त्याच घरातलं. गंमत अशी, की आरोळी काही वळणावळणानं जात नाही. म्हणजे कोस मुळात हवाई अंतरच; पुढं तो रस्ते मोजायला लागला.

तेव्हा वहीत ‘हवाई अंतर’ तसंच राहू द्या. बाईंना पटत नसेल तर ‘सरळ रेषेतलं अंतर’ लिहा, त्याला खोडायला जागा नाही.