नातवंडांची घरची शाळा

प्रश्न : टेक्सासमधली माझी मुलगी नातवंडांना सरकारी शाळेत न घालता घरीच शिकवते. ‘देवानं मुलं आईबापांना सोपवली, सरकारला नाही,’ म्हणते. हे योग्य आहे का?

उत्तर : ताई, तिचा आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन ६:७ आहे : घरी बसता, वाटेनं चालता, निजता-उठता मुलांशी देवाच्या वचनांविषयी बोला. मीही धाकट्याला चार वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलं; अपूर्णांक त्याला पोळीचे तुकडे करतानाच उमगले. ओरेगन राज्याची सरकारी शाळेची सक्ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२५ मध्येच रद्द केली. टेक्सासात घरची शाळा खासगी शाळाच मानतात. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित, नागरिकत्व मात्र शिकवावंच लागतं. त्या वचनात शाळेला मनाई नाही, हेही मी मनापासून मानते. मराठी वाचन फोनवर तुम्ही घ्या. स्तोत्र २३ पासून सुरुवात करा.