२०९० सालची रेसर लिहिताना

तुझ्या या कथेत नायिकेची पहिलीच शर्यत आणि थेट जगज्जेतेपद? एवढी घाई नको रे. आधी तिला कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींत, घासू दे. आजही फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवायचा परवाना, म्हणजे सुपर लायसन्स, हवं तर खालच्या मालिकांमधून ४० गुण जमवावे लागतात. तुझ्या भविष्यातही अशी एखादी चाळणी ठेव, कारकिर्दीला पायऱ्या मिळतील.

गाडी हवेत तरंगते, ठीक. पण तिचं दुखणं काय? माझ्या पहिल्या कथेतल्या गाडीला काहीच कमी पडत नव्हतं, आणि तिसऱ्या पानावर मलाच जांभई आली. फॉर्म्युला ई बघ, विजेवरच्या गाड्यांची शर्यत-मालिका. २०१४ साली सुरू झाली तेव्हा बॅटरी शर्यतभर पुरायची नाही. ड्रायव्हर मध्येच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, येऊन सीटचे पट्टे सोडायचे आणि धडपडत दुसऱ्या गाडीत शिरायचे. चार हंगाम हेच चाललं. कथा तिथे आहे! पट्टा अडकलाय, मेकॅनिकची बोटं घामाने निसटतायत...

आणि मान. जोरात ब्रेक लागला की हेल्मेटसकट डोकं पाचपट जड होतं. चाळिशीतल्या तुझ्या नायिकेची मान सकाळी उठल्यावर वळते का, ते आधी लिही. गाडीचा रंग नंतर ठरव.