नवे फायबर, जुना नंबर

प्रश्न : मी आणि माझे पती लंडनच्या हॅरो भागात राहतो. दोघेही निवृत्त आहोत. आमच्या रस्त्यावर आता थेट घरापर्यंत फायबर आले असून ते सध्याच्या जोडणीपेक्षा स्वस्त पडते. मात्र ज्या कंपनीचा दर सर्वांत कमी आहे तिच्याकडे फोनसेवा नाही, केवळ इंटरनेट मिळते. आमचा लँडलाइन नंबर १९८०च्या दशकापासूनचा आहे आणि कोल्हापूर-सांगलीच्या नातलगांपासून इथल्या दवाखान्यापर्यंत सर्वांकडे तोच नोंदलेला आहे. फायबर घेतल्यास तो सोडावा लागेल का? पतींच्या गळ्यात आपत्तीच्या वेळी दाबण्याचे बटण असते, तेही याच लाइनवर चालते.
– एक वाचिका, लंडन

उत्तर : नंबर सोडावा लागणार नाही. मात्र एक गोष्ट आपण कटाक्षाने पाळावी : जुन्या कंपनीला फोन करून ‘आमची लाइन बंद करा’ असे स्वतःहून सांगू नये. नंबर गमावणारे बहुतेक ग्राहक इथेच फसतात. नंबर हलवण्याची मागणी नेहमी नव्या सेवादात्याकडून जुन्याकडे जाते आणि त्या क्षणी तो नंबर चालू असणे सर्वांत सोयीचे असते. करार संपल्यानंतरही महिनाभर नंबर हलवून घेण्याचा हक्क ऑफकॉम या नियामक संस्थेच्या नियमांनी ग्राहकाला दिलेला आहे, परंतु तो हक्क गाजवण्याची वेळ येऊ न देणेच शहाणपणाचे. एकदा का नंबर मूळ साठ्यात परत गेला की तो मिळवताना नाकी नऊ येतात.

‘आहे तेच राहू द्यावे’ हा पर्यायही फार काळ उरलेला नाही. तांब्याच्या तारेवर चालणारी जुनी टेलिफोन यंत्रणा ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायची आहे. आधीचे उद्दिष्ट डिसेंबर २०२५चे होते; ते २०२४ मध्ये पुढे ढकलले गेले. सप्टेंबर २०२३ पासून या जुन्या पद्धतीच्या नव्या जोडण्या देणेही ओपनरीच या टेलिफोन तारांचे जाळे सांभाळणाऱ्या कंपनीने देशभर थांबवले आहे. त्यामुळे आपण काहीच केले नाही, तरी आपली सध्याची कंपनी आपला फोन कधी ना कधी इंटरनेटवर नेणारच. तेव्हा प्रश्न एवढाच आहे की हा बदल आपल्या सोयीने व्हावा की तिच्या.

नंबर आता तारेला बांधलेला नाही, हे एकदा लक्षात घेतले की पुढचे सोपे होते. बहुधा सध्या आपल्याकडे फायबर रस्त्यावरच्या हिरव्या पेटीपर्यंत येते आणि तिथून घरापर्यंत तांब्याच्या तारांची जोडी असते. नव्या जोडणीत काचेचा तंतू थेट भिंतीवरच्या एका छोट्या पेटीपर्यंत येतो, तिथून राउटरला जोडणी जाते आणि फोन असेल तर तो राउटरच्या मागच्या खाचेत बसतो. आवाज इंटरनेटवरूनच जात असल्याने आपला नंबर कोणत्या कंपनीकडे ठेवायचा आणि इंटरनेट कोणाचे घ्यायचे, हे दोन निर्णय वेगवेगळे घेता येतात.

आपल्यासमोर त्यामुळे दोन मार्ग आहेत. पहिला सरळ आहे : फोनसेवाही देणारी फायबर कंपनी निवडावी आणि नोंदणी करतानाच ‘नंबर हाच हवा’ असे स्पष्ट सांगून लेखी पुष्टी घ्यावी. १२ सप्टेंबर २०२४ पासून घरगुती ग्राहकांसाठी जी नवी बदल-पद्धत सुरू झाली आहे, तीत आपण फक्त नव्या कंपनीशी बोलायचे असते. जुनी कंपनी आपल्याला मुदतपूर्व करार मोडल्याचे शुल्क आणि इतर सेवांवर होणारा परिणाम कळवते आणि आपण संमती दिली की पुढचे व्यवहार त्या दोघी आपसांत करतात. तो कळवणारा संदेश न वाचता ‘होय’ म्हणू नये; फोनचे काय होणार हे त्यातच लिहिलेले असते.

दुसरा मार्ग आपण निवडलेल्या स्वस्त कंपनीसाठी आहे. इंटरनेट तिचे घ्यावे आणि नंबर एखाद्या स्वतंत्र इंटरनेट-फोन कंपनीकडे न्यावा. अशा कंपन्या बऱ्याचदा अल्प मासिक शुल्कात नंबर सांभाळतात. एक लहान अ‍ॅडॅप्टर राउटरला जोडला की आपला नेहमीचा फोन त्यावर चालतो. मोबाइलवर अ‍ॅप घेतले तर तोच नंबर, आपण हिवाळ्यात कोल्हापूरला असलात तरी, तिथेही वाजू शकतो. पुढे कितीदा इंटरनेट बदलले तरी नंबराला हात लावावा लागत नाही, हा या मार्गाचा मोठा फायदा मला वाटतो.

इथे क्रमाला मात्र फार महत्त्व आहे. तांब्याच्या लाइनवरचा नंबर दुसरीकडे नेला की ती लाइन आणि तिच्यावरचे जुने ब्रॉडबँड दोन्ही बहुधा त्याच दिवशी बंद पडतात. म्हणून आधी फायबर स्वतंत्र नवी जोडणी म्हणून बसवून घ्यावे. तंतू आणि तांबे काही दिवस शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात. त्यासाठी नव्या कंपनीला ‘जुनी सेवा तुम्ही बंद करू नका’ असे मुद्दाम सांगावे, नाहीतर बदल-पद्धतीच्या ओघात ती लाइन नंबरासकट संपेल. फायबर नीट चालू झाल्याची खात्री पटली की इंटरनेट-फोन कंपनीकडे नंबर हलवण्याचा अर्ज करावा. अर्जावरचे नाव, पत्ता आणि खाते क्रमांक जुन्या बिलाशी तंतोतंत जुळले पाहिजेत. खाते पतींच्या नावावर आणि अर्ज आपल्या नावाने, एवढ्या कारणानेही तो नाकारला जाऊ शकतो. नंबर नव्या ठिकाणी वाजू लागला की जुन्या कंपनीचे बिल खरोखर थांबले आहे ना, हे पाहावे. थोडे दिवस दुहेरी पैसे भरावे लागतील, परंतु तो खर्च करण्याजोगा आहे.

आता गळ्यातल्या बटणाविषयी. माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, नंबर त्यानंतर येतो. जुनी उपकरणे तारेवरून विशिष्ट सूर पाठवून मदत केंद्राशी बोलतात आणि इंटरनेटवरून जाताना ते सूर बिघडू शकतात. ज्या घरांत अशी उपकरणे होती तिथे डिजिटल बदलाच्या वेळी गंभीर प्रसंग घडल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने दूरसंचार कंपन्यांकडून ग्राहकांच्या सुरक्षिततेची लेखी हमी घेतली होती. फायबरची तारीख ठरवण्याआधी बटणसेवा देणाऱ्या संस्थेला किंवा कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) फोन करून आपले उपकरण डिजिटल लाइनवर चालते का, हे विचारावे. सिमकार्डवर चालणारे नवे उपकरण मिळत असेल तर तेच घ्यावे. बदल झाल्यावर बटण दाबून प्रत्यक्ष चाचणी केल्याशिवाय कामगाराला घराबाहेर जाऊ देऊ नये.

वीज गेली तर काय, हेही याच्याशी जोडलेले आहे. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे, त्यामुळे घरात अंधार असतानाही साधा फोन चालत असे. भिंतीवरची पेटी आणि राउटर या दोघांनाही आता घरातली वीज लागते. आपत्तीच्या वेळी केवळ लँडलाइनवरच विसंबून असलेल्या ग्राहकांना वीज गेल्यावर किमान १ तास ९९९ किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकांना फोन करता येईल अशी सोय कंपनीने विनामूल्य द्यावी, असे ऑफकॉमचे मार्गदर्शन आहे. आपल्या घरात मोबाइलला पुरेशी रेंज नसेल किंवा पतींच्या प्रकृतीमुळे धोका अधिक असेल, तर हे नोंदणीच्या वेळीच सांगून बॅटरी मागून घ्यावी. स्वतंत्र इंटरनेट-फोन कंपनी घेतल्यास आपला घरचा पत्ता तिच्याकडे आपत्ती-सेवेसाठी नोंदलेला असला पाहिजे. नंबर हॅरोचा असला तरी फोन जगात कुठूनही येऊ शकतो आणि रुग्णवाहिकेला नोंदलेलाच पत्ता दिसतो.

हे सारे पाहता, आपल्या घरासाठी मी पहिला मार्ग सुचवीन. फोन, इंटरनेट आणि बॅटरीची जबाबदारी एकाच कंपनीवर असली की अडचणीच्या वेळी कोणाला धरावे हे ठाऊक असते, आणि बटण असलेल्या घरात दरमहा वाचणाऱ्या थोड्या पैशांपेक्षा ते मोलाचे आहे. वरच्या मजल्यावरचे जोडफोन जुन्या भिंतीतल्या खाचांवर चालणार नाहीत. बिनतारी संच घेऊन त्याचा मुख्य तळ राउटरला जोडला तर बाकीचे हँडसेट कुठेही ठेवता येतात. अनेक डिजिटल सेवांवर शेजारच्या घरी फोन करतानाही ०२० सकट पूर्ण नंबर फिरवावा लागतो, हे पतींना सांगून ठेवावे. आपल्या नंबराने याआधी १९९०, १९९५ आणि २००० असे तीनदा कोड बदलले आहेत, तेव्हा हा फरक त्या मानाने किरकोळच.

प्रश्न : पुण्यातही ०२० कोडचा आमचा जुना लँडलाइन नंबर आहे. दुसऱ्या कंपनीचे फायबर घेतले तर तो सोबत नेता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. भारतात २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू असलेली नंबर पोर्टेबिलिटी केवळ मोबाइलसाठी आहे, लँडलाइनसाठी नाही. दुसऱ्या खासगी कंपनीचा फायबर फोन घेतल्यास नवा नंबर मिळेल. आपली जोडणी बीएसएनएलची असेल आणि त्याच कंपनीचे फायबर आपल्या भागात असेल, तर तोच नंबर सहसा कायम ठेवता येतो. परंतु अर्जावर ‘विद्यमान नंबरच हवा’ असे लिहावे, अनामत रकमेचे काय होणार ते विचारावे आणि कंपनीच्या स्थानिक भागीदाराने तोंडी ‘होईल’ म्हटले तरी कार्यालयातून खात्री करून घ्यावी. जुनी जोडणी आधी परत न करण्याचा नियम इथेही तितकाच लागू आहे. दुसऱ्याच कंपनीचे इंटरनेट घ्यायचे असेल, तर लँडलाइन सर्वांत कमी भाड्याच्या योजनेवर वेगळी चालू ठेवणे, हाच नंबर टिकवण्याचा मार्ग उरतो.